जुन्या चित्रपटांचे हक्काचे घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या चित्रपटांची परीक्षणे वृत्तपत्रांतून आवर्जून येतात. परंतु जुने चित्रपट निवडून मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवणाऱ्या चित्रपटगृहांविषयी क्वचितच लिहिले जाते, म्हणून हे पत्र. अशाच एका चित्रपटगृहाने मला चित्रपट पाहायला शिकवले. ते बंद होऊन बराच काळ लोटला, तरी त्याच्याविषयीची कृतज्ञता तसूभरही कमी झालेली नाही.

तेथील छापील कार्यक्रमपत्रिका हाती येताच वाचून काढावी अशी असे. एका दिग्दर्शकाचे चित्रपट ओळीने लागत, तर कधी एकाच तिकिटात दोन चित्रपट अशा विचाराने जोडलेले असत, की दुसरा पाहताना पहिल्याचा अर्थ अधिक उलगडत जाई. ही निवड म्हणजेच उत्तम समीक्षा होती, असे माझे ठाम मत आहे. पॅरिसमध्ये १९३६ साली ‘सिनेमाथेक फ्रांसेज’ या चित्रपट जतन करून दाखवणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या आंरी लांग्लवा यांनी हेच व्रत चालवले, आणि तेथील खेळांना नेमाने बसणाऱ्या तरुणांतूनच त्रुफो व गोदार यांच्यासारखे दिग्दर्शक पुढे आले.

विशेष आदराने आठवतो तो केबिनमध्ये बसून प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे दोन हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने साधारण बावीस मिनिटांत संपते. एक चित्रपट अशा अनेक रिळांत असतो, म्हणून एक रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो, त्यावर ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करतो आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र त्या यंत्रावर घेतो. आमच्या ऑपरेटरच्या हातून हा बदल इतका बेमालूम होई, की प्रेक्षकांची तंद्री कधी भंगली नाही. मूकपट असला, की गती कमी ठेवण्याचे भानही त्यांना असे, कारण असे अनेक चित्रपट संथ गतीने चित्रित झालेले असतात आणि सेकंदाला २४ चौकटींनी दाखवल्यास त्यांतील माणसे उगाच धावपळ करताना दिसतात, करुण प्रसंगांचेही हसू होते.

व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोहोचल्या तशी अशा चित्रपटगृहांची गर्दी ओसरली. पुढे डिजिटल प्रक्षेपण आले आणि फिल्मचे प्रोजेक्टर ठिकठिकाणी काढून टाकले गेले. डिजिटल प्रतीला माझा विरोध नाही, कारण जीर्ण प्रिंटपेक्षा काळजीपूर्वक दुरुस्त केलेली डिजिटल प्रत कितीतरी चांगली. घरी मात्र अनोळखी माणसांनी भरलेल्या अंधारात एकाच वेळी रोखला जाणारा श्वास लाभत नाही, आणि चित्रपट मध्येच थांबवण्याची सोय हाताशी असल्याने संथ प्रसंगाला मिळायला हवा तेवढा धीर आपण देत नाही.

जेथे अशी चित्रपटगृहे अजून तग धरून आहेत, तेथे मालकांनी चालू स्थितीतले प्रोजेक्टर भंगारात काढू नयेत आणि जुन्या ऑपरेटरांकडून तरुणांना हे काम शिकवून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपणही नव्या चित्रपटांच्या वेळापत्रकाशेजारी या चित्रपटगृहांच्या आठवड्याच्या कार्यक्रमाला चार ओळींची जागा द्यावी.

आपला विश्वासू,
एक चित्रपटप्रेमी वाचक