पहिल्या बाणाला जे मिळत नाही

परभणी
१८ नोव्हेंबर

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मचाणावरून सोडलेला पहिला बाण हरणाच्या पाठीवरून निघून गेला, हरीण चार उड्या मारून पुन्हा थांबले, आणि दुसरा बाण मात्र नेम धरला होता तिथेच लागला, असे तू लिहिले आहेस. मिशिगनमधल्या तुझ्या सोबत्यांचाही अनुभव असाच असल्याने, पहिला बाण चुकल्यावर माणसाचा हात नेहमीच चांगला का चालतो, असा प्रश्न तू केला आहेस. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला वाव नाही आणि तो असावा असे मला वाटतही नाही. परंतु मैदानावर मुलांना धनुर्विद्या शिकवताना पहिल्या बाणाशी माझी रोजच गाठ पडते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. तुझा दुसरा बाण हा तुझा नेहमीचाच बाण होता. नेहमीच्या बाणाला जे जे मिळते, त्यातले बरेचसे पहिल्याला मिळालेले नव्हते.

शेतातल्या हापशाला पाणी येण्याआधी पहिले काही दांडे कोरडेच जातात, तसे शरीराचे आहे. कौशल्य कितीही मुरलेले असले तरी विश्रांतीनंतरचा पहिला प्रयत्न घसरतो आणि पुढच्या दोनचार प्रयत्नांत पूर्ववत होतो, हे हालचालींचे शिक्षण अभ्यासणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७१ साली नॅक्सन आणि श्मिट या दोघांनी याची नीट परीक्षा घेतली. मुठीने ठरावीक जोर लावण्याचे काम लोकांना शिकवून त्यांनी मध्ये विश्रांती दिली. जे नुसते बसून राहिले त्यांचा पहिला प्रयत्न बिघडला, पण विश्रांतीच्या काळातच ज्यांच्याकडून दुसऱ्या हाताने त्याच जातीचे काम करून घेतले त्यांची घसरण बरीच कमी झाली. म्हणजे निव्वळ स्नायू गार पडल्याने हे घडत नाही. लक्ष, जोर आणि ताण यांची त्या कामापुरती बसलेली घडी मोडते आणि ती पुन्हा बसावी लागते. तू पहाटेपासून थंडीत, अंगावर जाड कपडे घालून, हालचाल न करता बसलेला होतास. तुझी ही घडी पहिल्या बाणानेच बसवली. स्पर्धेत आमच्या मुलांना गुण मोजणे सुरू होण्यापूर्वी सरावाचे बाण मिळतात, आणि ते न देता कोणी पहिल्याच बाणाचे गुण मोजू लागला तर आम्ही सगळे तक्रार करू. तुझ्या हरणापुढे मात्र तशी सोय नसते.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि माझ्या मते शिकारीत सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे. तुझ्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला २७० फूट, म्हणजे सुमारे ८२ मीटर वेगाने जातो असे तू मागे लिहिले होतेस. हवेचा विरोध सोडून दिला तरी गणित असे येते की, ३० यार्डांची पिन (त्या अंतरासाठी धनुष्यावर बसवलेली नेमाची खूण) लावून ४० यार्डांवरच्या हरणावर बाण सोडला तर तो सुमारे २५ सेंटिमीटर खाली जातो. हा अंतराचा चुकलेला अंदाज आहे, हाताचा यात काहीही दोष नाही, आणि सकाळच्या अंधुक प्रकाशात, झाडांच्या दाटीत, खालीवर जमिनीवर असा दहा यार्डांचा घोटाळा कोणाचाही होऊ शकतो. पहिला बाण कुठून गेला हे डोळ्यांनी पाहिले की अंतराचा खरा हिशेब कळतो. आमची मुले ७० मीटरवर १२२ सेंटिमीटर व्यासाच्या टार्गेटवर बाण मारतात. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे असते, तरी ती ते वारंवार गाठतात, कारण अंतर कधीच बदलत नाही आणि प्रत्येक बाण पुढच्या बाणाला काहीतरी सांगून जातो.

तुझा बाण पाठीवरूनच का गेला, यालाही एक स्वतंत्र कारण असू शकते. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, म्हणजे बाणाच्या चौपट. हरीण २३ मीटरवर असेल तर त्याला आवाज सात शतांश सेकंदात पोहोचतो आणि बाणाला मात्र २८ शतांश सेकंद लागतात. मधल्या वेळात पांढऱ्या शेपटीचे हरीण पळण्यासाठी पाय दुमडून अंग खाली घेते, आणि ज्या जागी नेम होता ती जागाच खाली सरकते. आपल्या माळावरचे काळवीट खुट्ट झाले की कसे दचकते हे तू लहानपणी पाहिलेले आहेस. तिथले हरीण त्याहून कमी सावध नाही. शिवाय मचाणावरून खाली नेम धरताना कमरेतून न वाकता नुसता हात खाली आणला तर खांद्यांची आणि ओढीची रेषा मोडते व बाण वर जातो. तुझ्या बाबतीत यांपैकी काय घडले हे इथे बसून सांगता येणार नाही, पण अंतर, हरणाचे अंग खाली घेणे आणि तुझे वाकणे, या तिन्ही गोष्टींचा पडताळा तुला घेता येईल.

आता मनाकडे येतो. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते की, उत्तेजना ठरावीक मर्यादेपर्यंत वाढली की काम सुधारते आणि त्यापुढे गेली की, विशेषतः काम अवघड असेल तर, बिघडते. मोठ्या शिंगांचा नर समोर येतो तेव्हा तुझी छाती धडधडते, हात कापतो, आणि नजर एका बिंदूवर न ठरता शिंगांवर, पाठीवर, पायांवर फिरत राहते. कॅनडातील जोन विकर्स यांनी नेमबाजीच्या आणि चेंडूच्या खेळांतील खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास करून दाखवले आहे की, कुशल खेळाडूची शेवटची नजर हालचालीआधी एका लहान जागेवर अधिक काळ स्थिर राहते. पहिला बाण हुकला की ज्या गोष्टीची भीती होती ती घडून गेलेली असते, शिंगांचे कौतुक बाजूला पडते, आणि दुसरा बाण लावायला जेमतेम वेळ असल्याने मन फाटे फोडत बसत नाही. जे हात वर्षानुवर्षे करत आले तेच ते करून टाकतात.

एवढे सगळे मान्य करूनही तुझ्या ‘नेहमीच’ या शब्दाला मी आक्षेप घेतो. पहिला बाण चुकल्यावर बहुतेक वेळा हरीण निघून जाते, आणि ते पुन्हा थांबते तेव्हाच दुसरा बाण मिळतो; म्हणजे दुसरा बाण मुळातच सोप्या प्रसंगी मारलेला असतो. दोन्ही बाण चुकले तर ती गोष्ट शेकोटीभोवती कोणी फारसे सांगत नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मला शिक्षक म्हणून फार जवळची वाटते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीचे आकडे मांडून दाखवले की, टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीकडे झुकते. म्हणूनच फार वाईट बाणानंतरचा बाण, काहीही न केले तरी, बहुधा बरा येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना इस्रायलच्या वायुदलातील प्रशिक्षकांनी सांगितले होते की, वाईट उड्डाणावर रागावले की पुढचे उड्डाण सुधारते आणि चांगल्याची स्तुती केली की पुढचे बिघडते. त्यांनी ओळखले की रागावल्याने काहीच घडत नव्हते, आकडे आपोआप मध्याकडे सरकत होते. सुधाकर, आपल्या जिल्ह्यांच्या मैदानांवर मी पोरांना चुकलेल्या बाणानंतर ओरडा खाताना पाहतो, पुढचा बाण बरा लागल्यावर ओरडणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधानही पाहतो, आणि मला मनापासून वाईट वाटते. त्या पोराला शिक्षा मिळते, आणि सुधारलेल्या बाणाचे श्रेय मात्र त्या शिक्षेला जाते.

तुझ्या बाबतीत पहिल्या बाणाचे महत्त्व माझ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. माझ्या मुलाचा पहिला बाण बाहेर गेला तर गुण जातात, आणि २०१० पासून लागू झालेल्या सेट पद्धतीत, जिथे थोड्या थोड्या बाणांच्या प्रत्येक सेटचा निकाल वेगळा लागतो, पुढच्या सेटला त्याला नव्याने सुरुवातही करता येते. तुझा पहिला बाण पूर्ण चुकला हे नशीब समज. तो अर्धवट लागला असता तर एक जीव कुठेतरी झाडीत दिवसभर तडफडला असता. म्हणून दुसऱ्या बाणाच्या कौशल्यावर विसंबून पहिला सैलपणे सोडणे मला अजिबात मान्य नाही.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी, अंग मोकळे न करता, शिकारीचेच कपडे घालून, दरवेळी वेगळ्या आणि न मोजलेल्या अंतरावरून एकच बाण मार, मग अंतर मोज, आणि त्या दिवशी दुसरा बाण हातात घेऊ नकोस. आमच्याकडे बरोबरी सुटली नाही तर एकाच बाणावर निकाल लागतो, त्याची तयारी मी मुलांकडून अशीच करून घेतो. मचाणावर बसल्यावर आसपासच्या चारपाच झाडांची अंतरे मोजून लक्षात ठेव, आवाज न करता खांदे आणि पाठ अधूनमधून ताणत राहा, कमरेतून वाकण्याचा सराव घराच्या गच्चीवरून कर. हरीण आले की आधी त्याच्या अंगावरचा एक केस निवड आणि मगच दोरी ओढ. कान टवकारलेल्या, सावध उभ्या हरणावर बाण सोडू नकोस.

या एकेका बाणाची नोंद एका वहीत कर: अंदाजे अंतर, खरे अंतर, आणि बाण वर गेला की खाली. हंगाम संपला की ती पाने मला पाठव. तुझ्या अंदाजात अंतर नेहमी जास्तच धरले जाते, असा माझा संशय आहे. तो खरा निघाला तर पिना कशा बसवायच्या ते पुढच्या पत्रात लिहीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता