मोजणी एका ओळीत उरकू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घरबांधणीवरचा लेख वाचला. सिमेंट, सळई, वॉटरप्रूफिंग, सगळ्यावर सविस्तर लिहिलंय आणि ते उपयोगाचंही आहे. पण सर्व्हेअरच्या वाट्याला एकच ओळ: ‘सुरुवातीला जमिनीची मोजणी करून घ्यावी.’ एकदा करून घेतली की संपलं? हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे.

करेलीबागेतलं आमचं टेनामेंट बांधलं तेव्हाही मोजणी झाली होती. सर्व्हेअर हद्दीचे चार दगड दाखवून गेला, त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. प्लिंथची, म्हणजे जोत्याची, लेव्हल मिस्त्रीने शेजारच्या कंपाउंडवर खडूची खूण करून पाण्याच्या नळीने काढली. नळीत बुडबुडा राहिला की खूणच चुकली, ते आता कळायला मार्ग नाही. ती भिंतसुद्धा पुढे पाडली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी समोरच्यांच्या उंबऱ्याला टेकून थांबलं. आमच्या घरात ते नडगीपर्यंत होतं. दिवाणातल्या गाद्या गेल्या, वर्षाचे गहू गेले.

पाणी ओसरल्यावर मी स्वतः सर्व्हेअर बोलावला. त्याने गल्लीत ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावली. आमच्या उंबऱ्यावर मोजपट्टी उभी धरली: १.२३५ मीटर. समोरच्यांच्या उंबऱ्यावर: १.०४० मीटर. आकडा जितका मोठा, तितकी जागा खाली. म्हणजे आमचं घर १९५ मिलिमीटर, जवळजवळ पावणेआठ इंच खाली! काम वीस मिनिटांचं. प्लिंथ भरण्याआधी हेच केलं असतं, तर विटांचे दोन-तीन थर वाढवून भागलं असतं.

हद्द, बेंचमार्क (ज्यावरून उंची मोजतात ती पक्की खूण), कॉलमच्या सेंटर लाइनी, प्रत्येक स्लॅबनंतर ओळंबा, हे सगळं टप्प्याटप्प्याने तपासायचं असतं. फूटिंगचं (कॉलमच्या पायाचं) काँक्रीट पडल्यावर कॉलम चार इंच सरकवता येत नाही. निदान आपल्या पूर येणाऱ्या शहरात तरी घर घेणाऱ्याने टाइल्सच्या आधी प्लिंथची लेव्हल विचारावी, असं छापा. पुढच्या पुरवणीत एखाद्या अनुभवी सर्व्हेअरकडूनच लिहून घ्या, ही कळकळीची विनंती.

आणि रस्त्यांबद्दलही लिहा. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढवतात. आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. गेल्या महिन्यापासून एकच उरली आहे.

आपला,
एक वाचक, करेलीबाग, बडोदा