आठ वर्षांच्या पोराला पिवळा बॉल कशाला?

संपादक महोदय,

सुट्टी लागली की टेनिसच्या समर कॅम्पला ही गर्दी, आणि सध्या अल्काराझ-सिनर बघून प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात टॉपस्पिन (बॉल पुढच्या दिशेनं गरगर फिरत जाईल असा फटका) मारायचा असतो. मारू दे की. पण कोर्टाबाहेर बसलेले पालक, आणि कधीकधी आतले कोचसुद्धा, सारखे ओरडत असतात ना, "मनगट फिरव, रॅकेट बॉलवरून गुंडाळ", त्याबद्दल आणि लहान पोरांना दिल्या जाणाऱ्या मोठ्यांच्या पिवळ्या बॉलबद्दल लिहायचं होतं. आधी मनगटाचं, कारण माझ्या मते या एका सूचनेनं भरपूर पोरांचे फोरहँड बिघडलेत.

बॉल तारांना चिकटून असतो जेमतेम ४-५ मिलिसेकंद. तेवढ्यात काय गुंडाळणार कोणी? टीव्हीवर जे मनगट वळलेलं दिसतं ते बहुतेक बॉल निघून गेल्यानंतरचं असतं. स्पिन येतो रॅकेट खालून वर जाते म्हणून. खांदे आधी वळलेले, रॅकेटचं डोकं बॉलच्या खाली, बॉल शरीराच्या पुढे घ्यायचा, त्या क्षणी रॅकेटचं तोंड जवळजवळ उभं, फार तर किंचित खाली झुकलेलं, आणि हात सैल, मग तारा बॉलला मागून वर घासत जातात. असा फिरणारा बॉल हवेतच खाली दाबला जातो, त्यामुळे नेटच्या तीन-चार फूट वरून गेला तरी बेसलाइनच्या आत पडतो. यातलं बरंचसं काम पाय आणि खांदे करतात, मनगट नुसतं सैल असलं की पुरे.

आता भरपूर स्पिनसाठी नदालचं उदाहरण हमखास दिलं जातं. टेनिस तंत्राचे अभ्यासक जॉन यँडेल यांनी हायस्पीड कॅमेऱ्यानं मोजलं तेव्हा नदालचा फोरहँड सरासरी ३२०० आरपीएमच्या (बॉलचे मिनिटाला फेरे) आसपास निघाला होता, त्याच्या आधीच्या पिढीतले सॅम्प्रस-आगासी १८००-१९००च्या घरात. पण यात रॅकेटच्या ताराही आल्या. १९९७ला ब्राझीलचा कुएर्तेन पॉलिएस्टर तारा लावून फ्रेंच ओपन जिंकला आणि मग सगळेच तिकडे वळले, कारण या तारा बॉलबरोबर सरकतात आणि झटकन जागेवर येतात, त्यानं स्पिन वाढतो. मात्र त्यासाठी रॅकेटही तेवढ्या वेगात फिरायला हवी! नऊ वर्षांच्या मुलीच्या रॅकेटला त्याच कडक तारा लावून देणारे पालक बघितलेत मी, मग कोपर दुखतं म्हणून ऑर्थोपेडिककडे फेऱ्या.

पण खरी गोची बॉलमध्ये आहे. मोठ्यांचा पिवळा बॉल आठ वर्षांच्या पोराच्या खांद्याच्या वर उसळतो, कधी डोक्यावरूनच जातो. मग ते बिचारं काय करतं, ग्रिप पार वेस्टर्नला (तळहात दांड्याच्या जवळजवळ खाली येणारी पकड) सरकवतं, मागे झुकतं आणि कोपर वर करून कसाबसा ढकलतं. खालून वर जायला बॉल खाली तर पाहिजे ना? एकदा ती ग्रिप हाताला बसली की बारा-तेराव्या वर्षी बदलताना कोच आणि पोरगं दोघांच्या नाकी नऊ येतात, आणि खाली राहणाऱ्या बॉलवर तर हाल विचारूच नका.

म्हणून तर लाल, नारंगी आणि हिरवे बॉल आहेत. लाल बॉल पिवळ्यापेक्षा साधारण ७५ टक्के संथ, नारंगी ५०, हिरवा २५, आणि लाल-नारंगीला कोर्टही छोटं. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशननं २०१२पासून दहा वर्षांपर्यंतच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल वापरायचा नाही असा नियमच केलाय. इथे मात्र कॅम्पवाले सगळ्यांना एकाच बास्केटमधले जुने पिवळे बॉल टाकतात कारण ते स्वस्त पडतं, आणि पालकांनाही वाटतं लाल बॉल म्हणजे बालवाडी, आमचा त्याच्या पुढे गेलाय. पुढे कुठे गेलाय, ढकलतोय नुसता.

लाल बॉल, छोटं कोर्ट, सेमी-वेस्टर्न ग्रिप (वेस्टर्नच्या थोडी अलीकडची) आणि नेटच्या वर दोन-तीन फुटांवर बांधलेली एक दोरी, बॉल दोरीवरून जाऊन आत पडला पाहिजे, एवढंच सांगा. खालून वर कसं जायचं ते पोरं आपोआप शोधतात, मनगटाचं नाव काढावं लागत नाही.

आपल्या क्रीडा पानावर कॅम्पच्या बातम्या येतातच, त्यात कोणत्या वयाला कोणता बॉल वापरणार हेही छापत जा की. पालकांनीही फी भरायच्या आधी बास्केटमध्ये एकदा डोकवावं.

– एक टेनिसप्रेमी पालक, पुणे