काकूंच्या खोलीसाठी एअर प्युरिफायर

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

शाओमीचा ४ लाइट घ्यावा की कोवेचा एअरमेगा १५०, असं तू विचारलंस. आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. काकूंच्या खोलीत कोवे ठेव. पुढेमागे हॉलसाठी दुसरा घ्यावासा वाटला, तर तेव्हा शाओमीचा विचार कर. तुमच्या शेजारच्या इमारतीचं पाडकाम आणि नवं बांधकाम निदान दोन-अडीच वर्षं चालणार, काकूंना दमा आहे आणि त्या दिवसाचे बारा-चौदा तास त्याच खोलीत असतात. माझा निर्णय या तीन गोष्टींवर आहे. मशीन खराब की चांगलं हा प्रश्नच नाही, दोन्ही चांगली आहेत.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सीएडीआरचा असतो. मशीन पूर्ण वेगात असताना तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, तो हा आकडा. शाओमीचा ३६०, कोवेचा ३०३. दुकानदार हाच आकडा पुढे करून शाओमी वीस टक्के जोरदार असल्याचं सांगेल. पण काकूंची खोली १० बाय १२ फूट आणि उंची साडेनऊ फूट धरली, तर ११४० घनफूट होतात, म्हणजे ३२ घनमीटरांच्या आसपास (घनफुटांना ३५.३ ने भागायचं). दम्याच्या माणसासाठी खोलीतली हवा तासाला निदान पाच वेळा गाळून निघावी असं धर. ३२ पंचे १६०. दोन्ही मशीन त्याच्या दुपटीच्या जवळपास देतात. खोलीतले सूक्ष्म कण (घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये) २०० वरून ५० वर आणायला हिशेबाने शाओमीला साडेसात मिनिटं लागतात आणि कोवेला नऊ. दीड मिनिटाच्या फरकासाठी मशीन निवडायचं नसतं.

खरी अडचण रात्री येते. पूर्ण वेगात यातलं कुठलंही मशीन उशाशी ठेवून झोपता येत नाही. शाओमीचा आवाज तेव्हा ६१ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे जोरात लावलेल्या टेबलफॅनसारखा. म्हणून लोक रात्री सगळ्यात खालचा वेग लावतात, आणि त्या वेगात मशीनचा सीएडीआर खूपच खाली येतो. पाव धरला तर कोवेचे उरले ७५, शाओमीचे ९०. हवा तासाला सव्वादोन ते पावणेतीन वेळाच गाळली जाते, आणि काकूंना ते पुरणार नाही. तेव्हा असं कर: झोपण्याआधी अर्धा तास दारं-खिडक्या लावून पूर्ण वेग, मग रात्रभर मधला वेग. मधल्या वेगाचा आवाज संथ आणि एकसारखा असतो, दोन-तीन दिवसांत कान सरावतात. ऑटोवर ठेवू नकोस. सेन्सर मशीनच्याच अंगात असतो, तो स्वतःभोवतीची नुकतीच गाळलेली हवा मोजतो, सगळं ठीक आहे असं समजून वेग उतरवतो, आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला धूळ तशीच राहते.

आता फिल्टर. माझं मत इथेच कोवेकडे झुकतं. शाओमीचा फिल्टर गोल डब्यासारखा आहे. बाहेरची जाळी, मधला हेपा (बारीक कण अडवणारा घड्यांचा फिल्टर) आणि वास शोषणारा कार्बन असं तिन्ही एकत्र जोडलेलं. बदलायला सोपा, पण एक थर तुंबला की तिन्ही फेकावे लागतात. कोवेत हे तीन भाग सुटे आहेत. पुढची बारीक जाळी ओढून बाहेर काढता येते, धुता येते आणि परत बसवता येते. बांधकामाशेजारच्या घरात ही जाळी सोन्यासारखी आहे. केस, कापसाची तुसं, सिमेंटची भरड धूळ ती अडवते, नाहीतर तेच सगळं हेपाच्या घड्यांत जाऊन बसतं. जाळी तुंबली की मशीन चालू दिसतं, आवाज उलट वाढतो, आणि हवा मात्र निम्मीच जाते.

जाळी कशी साफ करायची ते नीट सांगतो, कारण चूक इथेच होते. मशीनची पिन काढ. जाळी बाहेर घे आणि आधी कोरडीच, व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने किंवा जुन्या रंगाच्या ब्रशने बाहेरच्या बाजूने झाड. गॅलरीत नको, बाथरूममध्ये झाड, नाहीतर तीच धूळ परत घरात येते. मग साध्या पाण्याखाली धर; धुळीच्या बाजूवर पाणी मारू नकोस, उलट बाजूने मार, म्हणजे अडकलेलं बाहेर ढकललं जातं. चिकट झाली असेल तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरे. सावलीत पूर्ण एक दिवस वाळव, उन्हात प्लास्टिकची चौकट वाकते. ओलसर जाळी बसवलीस तर ओल हेपाला लागते आणि आठवड्यात खोलीत कुबट वास येतो. त्या वासाचा हेपा परत सुधारत नाही. पाडकाम चालू आहे तोवर दर आठवड्याला कोरडी झाडणी आणि महिन्यातून एकदा धुणं, एवढं पाळ.

हेपा मात्र कधीही धुवायचा नाही, आपटायचाही नाही. त्याचे तंतू बारीक असतात, आणि बऱ्याच फिल्टरमध्ये त्या तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो. बारीक कण त्यानेच ओढले जातात. पाणी लागलं की भार जातो. फिल्टर दिसायला स्वच्छ दिसतो, पण काम करत नाही.

कोवेच्या फिल्टरचं आयुष्य कंपनी ८५०० तास सांगते. रोज चौदा तास चालवलंस तर वीस महिने होतात. शाओमी सहा ते बारा महिने सांगते. म्हणजे तीन वर्षांत शाओमीला दोन ते पाच फिल्टर लागतील आणि कोवेला एक. तुमच्या शेजारच्या धुळीत दोघांचंही आयुष्य कमी धर. विकत घेण्याआधी फिल्टरची आजची किंमत बघ आणि मशीन अधिक तीन वर्षांचे फिल्टर अशी बेरीज कर. नुसत्या मशीनच्या किमतीवर जाऊ नकोस. या मशीनला ‘चालणारा’ म्हणून विकला जाणारा दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फिल्टर घेऊ नकोस. तो कडेने घट्ट बसत नाही, आणि हवा फटीतून न गाळता निघून जाते. विजेची काळजी नको. शाओमी पूर्ण वेगात ३३ वॅट खातो. चौदा तास म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी, आणि मधल्या वेगात आणखी कमी.

शाओमीचा एक मोठा फायदा कबूल करतो: तो पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा दाखवतो, मोबाइलवरही दिसतो. कोवे नुसत्या रंगाच्या दिव्यावर सांगतो. पण आकडा वाचताना लोक फसतात. मशीनवरचा आकडा मायक्रोग्रॅमचा असतो आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवरचा एक्यूआयचा, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा; दोन्ही एक नव्हेत. पीएम २.५ साठ असेल तर एक्यूआय १००, नव्वद असेल तर २००, एकशेवीसला ३००. आपल्याकडचं पीएम २.५ चं चोवीस तासांचं कमाल प्रमाण साठ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते पंधरा धरलं. काकूंसाठी खोलीत पंचवीसच्या खाली ठेवायचा प्रयत्न कर. कोवेसोबत एक छोटं वेगळं मीटर घेतलंस तर उत्तम. ते पलंगाच्या उशाशी ठेवता येतं, आणि आकडा तिथलाच हवा असतो.

त्या मीटरने एक चाचणी मशीन नवं असतानाच करून ठेव. दार-खिडक्या लाव, काकूंना हॉलमध्ये बसव, एक अगरबत्ती लावून आकडा २०० च्या वर गेला की विझव आणि बाहेर ठेव. मशीन पूर्ण वेगात लाव. २०० वरून ५० वर यायला किती मिनिटं लागली ते वहीत लिही. हिशेबाने नऊ येतात, प्रत्यक्षात हवा नीट मिसळत नाही म्हणून दहा-बारा लागतील. दर तीन महिन्यांनी हेच कर. जाळी धुऊनही वेळ दुप्पट झाला, तर हेपा बदलायला झाला. फिल्टरचा दिवा मुख्यतः चाललेल्या तासांवर लागतो. तुझ्या शेजारी इमारत पाडतायत हे त्याला ठाऊक नसतं.

मशीन आल्यावर पहिलं काम: फिल्टर बाहेर काढून त्यावरचं प्लास्टिक फाड. कित्येक घरांत प्लास्टिकसकट महिनोन्महिने मशीन चालतं. हवा आत घेणारी बाजू कोणती ते बघून ठेव. भिंतीपासून आणि कपाटापासून फूटभर सोड, पडद्यामागे किंवा पलंगाखाली ठेवू नकोस. शाओमी घेतलास तर तो चहूबाजूंनी हवा ओढतो, त्यामुळे कोपऱ्यात खुपसायचा नाही.

खोली गळत असेल तर मशीन बिचारं बाहेरची हवाच गाळत बसतं. खिडकी उघडी असली की बाहेरची निम्मी धूळ आत राहतेच. तुमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फ्रेममधली मऊ केसाळ पट्टी बघ. जुन्या खिडक्यांत ती झिजून सपाट झालेली असते. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, खाचेत सरकवून बसते. दाराखाली फट असेल तर तिथेही पट्टी लाव. विंडो एसी असेल तर त्याची बाहेरची हवा घेणारी दांडी बंद ठेव. पण चोवीस तास कोंडून ठेवू नकोस. प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, गॅसगळतीही थांबवत नाही. दुपारी काम थांबतं तेव्हा पंधरा मिनिटं खिडकी उघड, मग लावून पूर्ण वेग दे. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली सिमेंटची धूळ मशीन ओढत नाही, ती जड असते, मिनिटांत खाली बसते. तिथे ओलं फडकंच लागतं. आधी ओलं पुसा, मग मशीन. कोरडा झाडू काकूंच्या खोलीत नको.

फोडणीच्या वेळी त्या खोलीचं दार लाव. तेलाची वाफ फिल्टरवर चिकटते आणि कार्बन लवकर संपतो. या छोट्या मशीनमध्ये कार्बन मुळात थोडाच असतो, वासासाठी त्यावर फार भरवसा नको. देवापुढची अगरबत्ती आणि डासांची कॉईल त्या खोलीत पूर्ण बंद. कॉईल जळते ती थेट काकूंच्या छातीत जाते, मच्छरदाणी बांध. आयनचं बटण असलेलं तिसरं कुठलं मशीन कोणी सुचवलं, तर ते बटण बंदच ठेवायचं, त्यातून ओझोन निघू शकतो आणि दम्याला तो वाईट.

सेन्सरची खिडकी दोन महिन्यांनी कोरड्या कापसाच्या काडीने पूस, पाणी किंवा सॅनिटायझर नको. पावसाळ्यात तुमच्या मुंबईची हवा तशीही धुऊन निघते; मशीन बंद ठेवणार असशील तर आधी दोन तास चालवून फिल्टर कोरडा कर, प्लास्टिकच्या पिशवीत बांध आणि कपाटात ठेव. मशीनमध्येच राहिला तर बुरशी येते.

एक मात्र कळकळीने सांगतो: मशीन आलं म्हणून काकूंचा पंप किंवा औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नकोस. हॉलची लांबी-रुंदी आणि खिडक्यांची मापं कळव, म्हणजे तिथलाही हिशेब करून देतो. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
नंदू