नसेचं उत्तर आणि लेकीचं उत्तर

प्रिय मॅडम,

लेकीला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं, म्हणजे ऐकण्याच्या नसेला विजेचे ठोके देणाऱ्या बारीक इलेक्ट्रोडची माळ कानात घातली, त्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही थिएटरमधून बाहेर आलात, तेव्हा मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं: "सगळं छान झालं." तुम्ही ते म्हणाला नाहीत. तुम्ही माझ्या शेजारी बाकावर बसलात, हातातला कागद उलगडलात आणि म्हणालात, "बावीसच्या बावीस इलेक्ट्रोडची जोडणी नीट आहे. 20 ठिकाणी नसेनं उत्तर दिलं, दोन ठिकाणी दिलं नाही. त्या दोनाची आज काळजी करू नका, पण लक्षात असू द्या."

मी त्या दोनांसाठी रडले. वीस उत्तरं मला ऐकूच आली नाहीत.

आज लेक पाच वर्षांची आहे. सर्जन डॉक्टरांचे आभार आम्ही तेव्हाच मानले, आजही मानतो. पण थिएटरच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या ऑडिऑलॉजिस्टबद्दल, म्हणजे तुमच्यासारख्या श्रवणतज्ज्ञाबद्दल, कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्यांच्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट ठरलं आहे, अशा आईबापांच्या हाती ते पडलं तर बरं.

आत नेमकं काय झालं ते तुम्ही मला त्या बाकावरच समजावलंत. टाके घालण्याआधी, निर्जंतुक आवरणात गुंडाळलेली कॉइल, म्हणजे इम्प्लांटला बाहेरून वीज आणि संदेश पोचवणारी चकती, कानामागे इम्प्लांटवर धरली होती. पहिली तपासणी इम्पीडन्सची. प्रत्येक इलेक्ट्रोडमधून बारीकसा प्रवाह सोडायचा आणि त्याला किती अडथळा होतो ते मोजायचं. अडथळा फारच जास्त आला तर तार तुटलेली असेल किंवा इलेक्ट्रोड आतल्या कानाच्या शंखातल्या द्रवाला टेकलेला नसेल. फारच कमी आला तर दोन तारा आतल्या आत जुळलेल्या असतील. आमच्या लेकीचा तीन नंबरचा इलेक्ट्रोड पहिल्या फेरीत 'ओपन', म्हणजे फारच जास्त अडथळ्याचा, आला होता. तुम्ही घाबरून कुणाला काही सांगितलं नाहीत आणि दुर्लक्षही केलं नाहीत. हवेचा बुडबुडा अडकला असेल म्हणून थोडं थांबलात, पुन्हा मोजलंत, आकडा जागेवर आला. हे मला नंतर कळलं. त्या काही मिनिटांत मी बाहेर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

दुसरी तपासणी एनआरटीची, म्हणजे नसेचं उत्तर मोजण्याची. दुसऱ्या कंपन्यांच्या इम्प्लांटमध्ये तिला एआरटी किंवा एनआरआय म्हणतात, हेही तुम्ही सांगितलंत. एका इलेक्ट्रोडमधून विजेचा ठोका द्यायचा आणि शेजारच्या इलेक्ट्रोडनं कान देऊन ऐकायचं, नस बोलते का. तिचं सगळं बोलणं सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतं आणि ते मायक्रोव्होल्टमध्ये मोजावं लागतं. ठोक्याची स्वतःची वीज त्याहून कितीतरी मोठी, त्यामुळे उत्तर तिच्यात बुडून जातं. ते बाहेर काढण्याची एक युक्ती तुम्ही कागदाच्या मागे रेघोट्या मारून दाखवलीत. पहिल्या ठोक्यानं नस दमते, म्हणून लगेच दिलेल्या दुसऱ्या ठोक्याला ती गप्प राहते. तेव्हा जे दिसतं ती निव्वळ वीज. ती वजा केली की नसेचा आवाज उरतो. भूल दिलेली असो, मूल गाढ झोपलेलं असो, ही नस उत्तर देते. माणसांमध्ये हे असं पहिल्यांदा मोजलं गेलं त्याचा अहवाल 1990 चा आहे, म्हणजे माझ्या आयुष्यातली गोष्ट. 1978 मध्ये मेलबर्नला कानाचे सर्जन ग्रेम क्लार्क यांनी बहुचॅनेल, म्हणजे अनेक इलेक्ट्रोडचं, इम्प्लांट बसवलं तेव्हा रुग्ण मोठा माणूस होता, ऐकू येतंय की नाही हे तोंडानं सांगू शकत होता. माझी लेक दीड वर्षांची होती. तिला 'आवाज' हा शब्दही ठाऊक नव्हता. तिला विचारायचं कसं, हा प्रश्न तुमच्या सगळ्या यंत्रांच्या मुळाशी आहे, हे मला त्या कागदामुळे कळलं.

तिसरी गोष्ट तुम्ही सहज सांगितलीत, पण ती माझ्या मनात घर करून आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक स्नायू आखडतो; शरीरातला सगळ्यात छोटा स्नायू, सगळ्यात छोट्या हाडाला जोडलेला. तुम्ही लॅपटॉपवरून ठोके वाढवत होतात आणि डॉक्टर मायक्रोस्कोपमधून बघत "हलला", "नाही", "आत्ता हलला" असं सांगत होते. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल असेल तर हा रिफ्लेक्स दिसत नाही, म्हणून तुम्ही भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवलं होतंत. माझी लेक काही न समजता झोपली होती आणि चार मोठी माणसं श्वास रोखून तिच्या एवढ्याशा स्नायूकडे बघत होती. हे चित्र आठवलं की आजही भरून येतं.

एवढं होऊनही तुम्ही एक्स-रेसाठी आग्रह धरलात. इलेक्ट्रोडच्या माळेचं टोक आत दुमडलं तरी विजेचे आकडे चांगले दिसू शकतात, असं तुमचं म्हणणं. टोक सरळ होतं.

त्या दिवशीचं तुमचं शेवटचं वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं: "नसेनं उत्तर दिलं, याचा अर्थ मुलीला ऐकू आलं असा होत नाही. ते उत्तर आपल्याला तिच्याकडूनच घ्यावं लागेल."

चौथ्या आठवड्यात स्विच ऑन झाला, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा चालू केलं. इम्पीडन्सचे आकडे ऑपरेशनच्या दिवसापेक्षा वाढले होते आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. वापर सुरू नसताना इलेक्ट्रोडभोवती प्रथिनांचा आणि ऊतींचा थर बसतो, प्रवाह सुरू झाला की आकडे उतरतात, असं तुम्ही सांगितलंत, आणि पुढच्या भेटीत ते उतरलेही. आम्ही सगळे हसऱ्या चेहऱ्याची वाट बघत होतो. मोबाइल तयार होते. लेक खेळता खेळता थबकली, ठोकळा हातात तसाच राहिला, आणि मग ती जोरात रडली. घरच्यांचे चेहरे पडले. तुम्ही मात्र त्या थबकण्याची वेळ टिपून घेत होतात. "रडणं हेही उत्तरच आहे," म्हणालात, आवाज दोन पायऱ्या खाली आणलात आणि तिला माझ्या मांडीवर दिलंत.

पुढच्या मॅपिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची ते ठरवताना, एका इलेक्ट्रोडवर तिची पापणी लवली. मला वाटलं, झोप आली असेल. तुम्ही तोच इलेक्ट्रोड तीनदा लावून पाहिलात आणि तिन्ही वेळा पापणी लवली. चेहऱ्याची नस शंखाच्या अगदी जवळून जाते, वीज तिकडे सांडत होती. तुम्ही तो इलेक्ट्रोड बंद केलात आणि त्याच्या वाट्याचे स्वर बाकीच्यांत वाटून दिलेत. आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी गप्प राहिलेले ते दोन? त्यांच्यावर ठोका दिला की लेक मान वळवून बघते. ज्यांच्यासाठी मी रडले, ते दोन्ही आज चालू आहेत.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. तुम्ही रजेवर होतात तेव्हा एका दुसऱ्या ठिकाणी आम्ही मॅपिंग करून घेतलं. तिथे घाई होती. एनआरटीचे आकडे घेतले आणि त्यावरून कम्फर्टची, म्हणजे न टोचता सोसवेल अशा मोठ्यात मोठ्या आवाजाची, पातळी आखून टाकली. लेकीकडे कुणी पाहिलं नाही. त्यानंतर ती कॉइल उपटून फेकू लागली. भांडं पडलं की किंचाळायची. "सवय होईल," असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि मी दोन आठवडे तिच्यावर रागावत राहिले. ती हट्टी झाली असं समजून. मॅडम, ते दोन आठवडे मला अजून सलतात.

तुम्ही परत आलात आणि रिफ्लेक्सची तपासणी करायची म्हणालात; आता मायक्रोस्कोप नव्हता, दुसऱ्या कानात प्रोब घालून मोजायचं होतं. पण तिला सर्दी होती. मी अगदी काकुळतीला आले होते, तरी तुम्ही आम्हाला परत पाठवलंत. मधल्या कानात द्रव साचला असेल तर रिफ्लेक्स दिसत नाही, आणि तसल्या खोट्या 'नाही'वरून तुम्हाला काहीच ठरवायचं नव्हतं. त्या दिवसापुरते सगळे आकडे खाली आणून दिलेत. आठवड्यानं, आवाज बंद केलेलं कार्टून लावून, तिला हलू न देता मोजलंत. पडद्यावरची रेघ ठोक्याठोक्याला खाली जात होती. तिला दिलेली कम्फर्टची पातळी बऱ्याच इलेक्ट्रोडवर रिफ्लेक्स दिसू लागतो त्या पातळीच्या कितीतरी वर होती. म्हणजे लेक हट्ट करत नव्हती. तिला दुखत होतं, आणि ते सांगायला तिच्याकडे कॉइल उपटण्याशिवाय दुसरे शब्द नव्हते.

नवा मॅप घालून निघालो आणि झोप लागेपर्यंत तिनं कॉइल काढली नाही.

घरची तपासणी तुम्ही माझ्या हाती सोपवलीत, त्याबद्दल वेगळे आभार. आ, ई, ऊ, म, श, स. रोज सकाळी, तोंड झाकून, क्रम बदलून, मधे कमीजास्त थांबून, म्हणजे तिला अंदाज बांधता येऊ नये. एकदा 'स' आणि 'श' दोन्ही गेले. पूर्वीची मी असते तर रडत बसले असते. त्या दिवशी मी बॅटरी बदलली, केबल बदलली, मग मॉनिटरचा इयरफोन लावून स्वतः ऐकलं. मायक्रोफोनमध्ये ओल शिरली होती. प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपणारं बाहेरचं यंत्र, रात्रभर सुकवणीच्या डबीत ठेवला, सकाळी 'स' परत आला. तुम्हाला फोन केला तो फक्त हे सांगायला.

मागच्या महिन्यातली भेट तुम्हाला आठवत असेल. तुम्ही एकेक इलेक्ट्रोड वाढवत होतात, ती टेबलावर हनुवटी टेकवून ऐकत होती. अठराव्यावर तिनं हात वर केला.

"मॅडम, हा टोचतो. थोडा कमी करा."

तुम्ही कमी केलात. तिनं परत ऐकलं आणि म्हणाली, "अजून एक."

तुम्ही अजून एक पायरी कमी केलीत.

तुमची कृतज्ञ,
तिची आई