दाढेच्या गोळ्या मागू नका, मीही देणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. येत्या दिवाळीला 31 वर्षं होतील. दसरा जवळ आला की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. उचल घेतलेली जोडपी तेल-मीठ, पोरांचे कपडे घेतात आणि शेवटी माझ्या दुकानाशी येतात. बाम, तापाच्या गोळ्या, पोरांसाठी जुलाबाचं औषध. आणि जाता जाता हमखास एक मागणी असते, "दाढंच्या बी धा-पंधरा गोळ्या बांधून द्या, तिकडं कोण दवाखाना बघतंय!"

इतकी वर्षं मी त्या बांधून दिल्या. अँटिबायोटिकच्या पट्टीमागं लाल रेषा असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं त्यावर छापलेलं असतं. ती रेषा मला रोज दिसत होती. कात्रीनं पट्टी कापताना ती रेषाच मधून कापली जायची. हे पत्र त्याबद्दल आहे.

तीन वर्षांमागं भाद्रपदात माझा आतेभाऊ दुकानात आला. त्याला आम्ही सगळे आप्पा म्हणतो. खालची डावी दाढ, शेवटून दुसरी, कधीची किडलेली. म्हणाला, "रातभर ठणकायलीय. चहा लागला की जीव जातो, थंड पाण्याची चूळ धरून बसलं की बरं वाटतं." आज मला माहीत आहे की गरमानं कळ उठणं आणि गारानं थांबणं म्हणजे दाढेतली नस सडत चालल्याची खूण. तेव्हा मी एवढंच केलं, अमॉक्सिसिलीन या अँटिबायोटिकच्या पंधरा कॅप्सूल आणि दुखणं थांबवणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या दहा गोळ्या दिल्या. नात्यातला माणूस म्हणून पैसेही घेतले नाहीत. त्यानं चार कॅप्सूल घेतल्या, दुखायचं थांबलं, बाकीच्या डब्यात ठेवून दिल्या.

दुखायचं थांबलं, ही सगळ्यात फसवी गोष्ट. नस मेली की ठणका जातो. माणसाला वाटतं बरं झालं. पण मेलेल्या दाढेत रक्त फिरत नाही, आणि जिथं रक्त जात नाही तिथं माझ्या दुकानातली कितीही महाग कॅप्सूल पोचत नाही. जंतू आत तसेच राहतात, मुळाच्या टोकाशी हाडात पू साठत जातो. गोळीनं सूज महिना-दोन महिने दबते एवढंच. जंतूंचं घर आतच राहतं. ते मोडायचं तर दोनच रस्ते आहेत, रूट कॅनॉल करून दाढ आतून साफ करणं नाहीतर दाढ काढणं. पू झाला असेल तर त्याला वाट करून देणं. गोळी या कामाला मदत म्हणून असते, कामाच्या बदल्यात नाही. औषधशास्त्र शिकलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं.

दिवाळीनंतर आप्पाची ऊसतोडीची टोळी कोल्हापूर जिल्ह्यात गेली. निघताना आप्पाला पुन्हा दहा कॅप्सूल दिल्या. जानेवारीत तिकडं गाल सुजला. वहिनींनी तव्यावर फडकं तापवून दोन दिवस बाहेरून शेक दिला. तिथल्या गावात मेडिकलवाल्यानं पुडी बांधून दिली. नंतर पुडीचा कागद पाहिला तर त्यात डेक्सामेथासोनची गोळी होती. ही स्टेरॉईडची गोळी सूज झटक्यात उतरवते, म्हणून लोकांना ती जादूची वाटते. पण ती अंगातली लढायची ताकदही उतरवते आणि साखर वाढवते. आप्पाला मधुमेह आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, पुडी देणाऱ्यालाही नाही. त्या मेडिकलवाल्याला मी नावं ठेवू शकत नाही. तो मीच होतो, फक्त गाव वेगळं.

आठवडाभर तो तसाच फडात उभा राहिला. एक दिवस कोयता बंद ठेवला की खाडा पडतो, खाड्याचे पैसे हिशेबात कापले जातात. जोडीतलं एक माणूस आडवं झालं की दुसऱ्याचाही कोयता थांबतो. हे शहरातल्या वाचकांनी ध्यानात घ्यावं. "दुखणं अंगावर काढतात" असं आपण सहज म्हणतो, पण अंगावर काढल्याशिवाय त्या माणसाचा हिशेब जुळत नसतो.

एका पहाटे पाचला वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांना थुका बी गिळना झालाय. रातभर कोपीच्या मेढीला टेकून बसूनच हायती, आडवं झालं की जीव घुसमटतोय. आवाज कसातरीच निघायलाय, तोंडात गरम बटाटा धरल्यावानी." मी आप्पाला फोन द्या म्हणालो. पलीकडून जो आवाज आला तो मला ओळखू आला नाही. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज.

मुकादमाला उठवून 108 ला फोन करायला लावला. मी दुपारी कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा आप्पाला आत नेलेलं होतं. वहिनींच्या हातात त्याचा पंचा होता, लाळेनं ओला गच्च, पिळला असता तर पाणी गळलं असतं. तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाहेर येऊन समजावलं. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं इतकी खोल असतात की त्यांची टोकं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली येतात. तिथला पू गालापुरता न राहता हनुवटीखाली आणि गळ्यात उतरतो. दोन्ही बाजूंना सूज पसरते, हात लावला तर लाकडासारखी टणक लागते. जीभ वर उचलली जाते, मागं ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होत जाते. या दुखण्याला लुडविग अँजायना म्हणतात. 1836 मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं त्याचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ हे दुखणं पुस्तकात आहे, आणि मला त्याचं नाव त्या दिवशी कळलं.

आप्पाची साखर 340 निघाली. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालायची सगळी तयारी टेबलावर मांडून ठेवली होती, नाकातून नळी गेली म्हणून तेवढं टळलं. हनुवटीखाली छेद घेऊन पू काढला, रबरी नळ्या ठेवल्या, दाढ काढली. शिरेतून अँटिबायोटिक, इन्सुलिन. तेरा दिवस. वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिल्या आणि फडातला कोयता अर्थातच बंद राहिला.

वाटलं, सुटलो. पण हाडाचं उरलं होतं. फाल्गुनात आप्पा गावी आला तेव्हा जबड्याच्या कडेखाली कातडीला एक बारीक भोक होतं, त्यातून थेंब थेंब घाण येत होती. आमच्याकडं याला नासूर म्हणतात आणि वरून हळद भरतात. खालचा ओठ डाव्या बाजूनं बधीर झालेला. चहा ओठावरून ओघळायचा आणि त्याला कळायचं नाही. या दोन्ही खुणा जबड्याच्या हाडात जंतू शिरल्याच्या. ओठाची नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच येते, म्हणून हाड सडू लागलं की ओठ बधीर होतो. खालच्या जबड्याचं हाड घट्ट आणि वरच्यापेक्षा कमी रक्ताचं, त्यामुळं हे बहुधा खालीच होतं. सुरुवातीला काढलेल्या एक्स-रेमध्ये फारसं काही दिसलं नव्हतं. हाडातला बराच चुना (कॅल्शियम) गेल्यावरच एक्स-रेत ते दिसतं आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात, हे पुढं कळलं. एक्स-रे चांगला आला म्हणून भोक, पू आणि बधिरपणा यांच्याकडं काणाडोळा करू नये.

छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात त्याचं ऑपरेशन झालं. मेलेलं हाड काढून टाकलं, हललेले शेजारचे दोन दात काढले, सहा आठवडे औषधं दिली. जबडा मोडू नये म्हणून दीड महिना पातळ खाणं. ज्वारीची भाकरी नाही म्हणजे आप्पाच्या लेखी जेवणच नाही. तपासणीला पाठवायची बाटली मी हातात घेऊन पाहिली. चिंचोक्याएवढे तीन तुकडे. नांगरटीला वर आलेलं जुनं हाड असतं ना, तसे मळकट, कडांना कुरतडलेले. माणूस जिवंत, समोर बाकावर बसलेला, आणि त्याचं हाड असं. त्या बाटलीनंतर मी चिठ्ठीशिवाय दाढेची गोळी दिलेली नाही.

आता गिऱ्हाईक आलं की मी विचारतो. तोंडात उभी तीन बोटं जातात का? जात नसतील तर गोळीचा विषय संपला, त्याच दिवशी दवाखाना. जबड्याखाली किंवा गळ्यावर सूज, गिळायला त्रास, ताप, लाळ गळणं, आवाज बदलणं, आडवं झाल्यावर घुसमट, यातलं काहीही असेल तर उद्याची वाट नाही आणि साधा दाताचा दवाखानाही नाही, थेट मोठं रुग्णालय. वरच्या दाताची सूज डोळ्याकडं चढत असेल तरी तसंच. सूज नाही, नुसतं ठणकतंय, तर दोन दिवसांत दातांच्या डॉक्टरकडं. साखर माहीत नसेल तर दुकानातल्या मशीनवर बोट टोचून बघतो. चिठ्ठी घेऊन आलेल्याला एकच सांगतो, लिहून दिलेला कोर्स पुरा कर आणि कोर्स संपला म्हणून दाढेचं काम टाळू नकोस.

लोक भांडतात. "वरचा दात काढला की डोळा जातो" हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. दात काढल्यानं डोळा जात नाही. उलट वरच्या दाताचा पू तसाच राहू दिला तर डोळ्यापर्यंत पोचू शकतो. आठवडी बाजारात कानाला नळी लावून, धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणारे बसतात. दातात किडे नसतात, ते त्यांच्या हातात असतात. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा, मिठाच्या गरम पाण्यानं चूळ भरा, रात्र निघेल. पण सुजेला बाहेरून शेक देऊ नका, किडलेल्या दाढेत तंबाखू-मिश्री दाबू नका. आणि सूज आहे तोवर दाताला हात लावायचा नाही, हे आपण ठरवायचं नाही. डॉक्टर बघून ठरवेल. कधी दाढ लगेच काढणं हाच उपाय असतो.

आणखी दोघांना मी आवर्जून अडवतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या बाया आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी ज्यांना किरणांचा शेक (रेडिएशन) दिला आहे ते. यांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून न येण्याचा धोका असतो. त्यांनी दंतवैद्याला ते आधी सांगायलाच हवं, आणि शक्य तर ते उपचार सुरू व्हायच्या आधीच दात नीट करून घ्यावेत.

2021 मध्ये काळ्या बुरशीनं आपल्या राज्यात कितीतरी लोकांचा वरचा जबडा काढावा लागला. अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी दुकानादुकानातून फिरणारे नातेवाईक मला आजही आठवतात. बुरशी झालेल्या बऱ्याच रुग्णांची सुरुवात दात हलण्यापासून, टाळू काळवंडण्यापासून झाली होती, आणि साखर व स्टेरॉईड दोन्ही पाठीशी होते. त्या वर्षी सगळ्यांना जबडा आठवला. पुढं आपण विसरलो.

सरकारकडं माझं मागणं मोठं नाही. टोळ्या निघतात त्या आधीच्या महिन्यात, भाद्रपद-अश्विनात, गावोगावी दात आणि साखर तपासली जावी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यानं हे अंगावर घ्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर नसतो, तो ग्रामीण रुग्णालयात असतो. तिथली जागा भरलेली, खुर्ची चालू आणि एक्स-रेची फिल्म शिल्लक असावी. कारखान्यांनी दवाखान्याच्या दिवसाचा खाडा लावू देऊ नये. आणि माझ्या औषधविक्रेत्या बांधवांना हात जोडून विनंती, दाढेच्या पुड्या बंद करा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ही भीती मलाही होती. पहिले सहा महिने गेलंही. आम्ही तालुक्यात मिळून ठरवलं तर ते जाईल कुठं?

आप्पा यंदा जाणार नाही. वहिनी आणि थोरला मुलगा जाणार आहेत. दोघांनाही मागच्या बुधवारी दंतवैद्याकडं नेऊन आणलं. मुलाची एक अक्कलदाढ काढली. वहिनींच्या दाढेचं रूट कॅनॉल निम्मं झालंय, टोळीची गाडी यायच्या आत उरलेलं उरकायचं आहे.

आपला,
एक औषधविक्रेता
ता. धारूर, जि. बीड
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध करू नये)