बाळूकाका दिवाळीला येतोय

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणाला असतात, आणि आईने चकलीच्या भाजणीचा विषय काढला असता. म्हणून लिहितेय. या दिवाळीला मी बाळूकाकाला बोलावलंय. तो हो म्हणालाय. तिकीटही काढून दिलंय, परतीचंसुद्धा.

लगेच चष्मा काढून ठेवू नका. ऐका.

मनूने 'एन्कांटो' लावला होता. डिस्नेचा २०२१चा गाण्यांचा कार्टूनपट. कोलंबियातल्या डोंगरातलं एक घर, घरातल्या प्रत्येकाच्या अंगी काही ना काही करामत, फक्त मिराबेलकडे काही नाही. सगळ्यांवर आजीचा धाक (थेट आपली माई, नऊवारी तेवढं नाही). मिराबेलच्या आईच्या हातचं खाल्लं की दुखणी पळतात. आई, मला तुझं खिमटच आठवलं. मधली बहीण गाढवं, पूल, काय म्हणाल ते उचलते आणि आतून पार दमलेली असते. ती कोण, ते मी सांगत नाही.

आणि ब्रूनोमामा. त्याला पुढचं दिसायचं, आणि वाईट घडलं की खापर त्याच्याच डोक्यावर. त्याचं नाव काढायचं नाही, यावर गाणंच आहे. २०२२ मध्ये ते अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या नंबरावर होतं म्हणे. आमच्याकडे अजून आहे. तर हा मामा कुठे गेलेलाच नसतो. भिंतीमागे उंदरांबरोबर राहतो. जेवणघराच्या भिंतीला लागून त्याचं टेबल, त्यावर स्वतःसाठी रंगवलेली ताटली. फटीतून घरच्यांची पंगत बघत तिथे बसतो. बाबा, पुढचा सिनेमा मला धड दिसलाच नाही.

मनूने विचारलं, "आपल्याकडे असं कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. रात्रभर झोप लागली नाही.

त्या गणपतीत कोण काय बोललं ते मी काढणार नाही. त्यालाही बजावलंय. वाड्याच्या कागदांचं नाव निघणार नाही. तुम्ही हप्ते कसे फेडलेत ते मी पाहिलंय, बाबा. सिनेमातली आजीही दुष्ट नाही. तीन तान्ही पोरं पदरात असताना नवरा गेला, तेव्हापासून ती घर मुठीत धरून बसलेली.

तुमची खिडकीची खोली तुमचीच. काका हॉलमध्ये झोपेल. कमोडजवळ धरायला दांडा बसवून घेतलाय, गादी कापसाची आहे. त्याच्याशी बोलावंसं नाही वाटलं तर नका बोलू, पेपर वाचा. पण सायकलच्या दांडीवर मी, कॅरिअरवर तो, आणि चढावर धापा टाकत तुम्ही "उतर रे जाड्या" म्हणायचात. तुमच्या पाठीला तो किती घट्ट धरायचा, ते मी वळून बघायचे.

आता मुकाट्याने करायचं. डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही. बीपीच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या घ्या, जुनी फाइल आणा. एसटीने यायचं नाही, मी गाडी पाठवतेय. आई, अनारसे करत बसू नकोस. बरं, थोडे कर. कोणाला आवडतात ते तुला माहीत आहे.

काही विचारायचं असेल तर रात्री नऊनंतर फोन करा. नाही म्हणायचं असेल तर करू नका.

तुमची,
चिमी